रसायनशाळेतील साक्षीदार

महाविद्यालयात विज्ञानशाखेत शिकणाऱ्या मुलांच्या आईबापांस कोणी विचारले, की तुमचा मुलगा किंवा तुमची मुलगी रसायनशास्त्राच्या वर्गात नेमके काय शिकते, तर बहुतेक घरी एकच उत्तर मिळेल. सूत्रे शिकते, समीकरणे शिकते, औषधे आणि रंग कसे होतात ते शिकते. हे उत्तर खोटे नाही. परंतु ते अपुरे आहे. रसायनशास्त्राच्या पदवी-अभ्यासक्रमात एक विषय असा आहे, की ज्याचे नाव कोणत्याही वेळापत्रकात छापलेले नसते, आणि तरीही आमच्या मते तोच त्या अभ्यासक्रमाचा गाभा होय. तो विषय म्हणजे साक्ष देणे. डोळ्यांनी जे पाहिले ते, तेवढेच आणि तसेच लिहिणे. या विषयात आपली मुले उत्तीर्ण होतात काय, आणि होत नसतील तर दोष कोणाच्या पदरी घालावा, हा प्रश्न वरवर पाहता शिक्षकांचा वाटेल. वस्तुतः तो नीतीचा प्रश्न आहे; आणि म्हणूनच देवळाच्या सभामंडपात बसून धर्माधर्माचा विचार करणाऱ्या वाचकांपुढे तो मांडण्यास आम्हांस संकोच वाटत नाही.

आम्ही रसायनज्ञ नाही. आमचा व्यवसाय वकिलीचा. परंतु साक्षीपुरावा हा आमच्या रोजच्या व्यवहाराचा पदार्थ असल्यामुळे तो जेथे घडतो वा बिघडतो त्या जागेकडे आमचे लक्ष सहज जाते. रसायनशाळा ही तशीच एक जागा आहे.

प्रथम अभ्यासक्रमाचे स्थूल रूप पाहू. पदवीच्या वर्गात रसायनशास्त्राच्या तीन मुख्य शाखा शिकवल्या जातात. भौतिक रसायनात उष्णतेचे व्यवहार, विक्रियेचा वेग, समतोल आणि विद्युद्रसायन येते. असेंद्रिय रसायनात अणूची रचना, मूलद्रव्यांची आवर्तसारणी आणि धातूंची संयुगे येतात. सेंद्रिय रसायनात कार्बनच्या अपार कुटुंबाचा विचार होतो. चौथी शाखा विश्लेषणाची. इंदूरच्या होळकर महाविद्यालयात, जे १८९१ साली स्थापन झाले, अथवा गोवा मुक्त झाल्यानंतर लागलीच १९६२ साली निघालेल्या पणजीच्या धेंपे आणि मडगावच्या चौगुले महाविद्यालयांत, आपल्या समाजाच्या कित्येक पिढ्या या शाखा शिकून बाहेर पडल्या. पाठ्यपुस्तके बदलली, परीक्षेच्या पद्धती बदलल्या, २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर तीन वर्षांच्या पदवीस चौथ्या वर्षाची जोड मिळाली. परंतु आठवड्यातून काही तास पांढरा कोट घालून प्रयोगशाळेत उभे राहण्याचा नेम काही सुटला नाही. आमचा विषय त्या तासांचा आहे.

त्या तासांत विद्यार्थी काय करतो? एक उदाहरण घेऊ. पिपेटने मोजून घेतलेले ऑक्झॅलिक आम्लाचे द्रावण तो फ्लास्कमध्ये घालतो, त्यात सौम्य गंधकाम्ल मिसळतो, फ्लास्क ऊन करतो, आणि वरच्या ब्युरेटमधून जांभळे पोटॅशियम परमँगनेट थेंबथेंब सोडतो. जांभळा रंग पडताच विरतो, पुन्हा पडतो, पुन्हा विरतो. आणि एक थेंब असा येतो की त्याने फिकट गुलाबी छटा टिकून राहते. तेथे तोटी बंद करावयाची आणि ब्युरेटवरचा आकडा वाचावयाचा. द्रावण इतके गडद असते की त्याची खालची वक्र कड दिसत नाही; म्हणून वरची कड वाचावी लागते, हेही शिकवले जाते. असे तीन वेळा करावयाचे, आणि जुळणाऱ्या आकड्यांवरून द्रावणाची तीव्रता काढावयाची. दुसऱ्या दिवशी त्यास एक अनोळखी क्षार मिळतो. त्यातील धातू कोणता, आम्लाचा अंश कोणता, हे ज्योतीच्या रंगावरून, साक्याच्या रंगावरून, वासावरून, क्रमाक्रमाने परीक्षा करून ओळखावयाचे. तिसऱ्या दिवशी सेंद्रिय पदार्थाचा द्रवणांक काढावयाचा. बारीक काचनळीत पदार्थाची भुकटी भरावी, ती थर्मामीटरला लावावी, हळूहळू तापवावी, आणि भुकटी केव्हा वितळू लागली व केव्हा पुरी वितळली ते पाहावे.

हे सर्व जर्नलमध्ये उतरवावयाचे असते. आणि येथेच ती गोष्ट घडते, जी प्रत्येक विज्ञान-पदवीधरास ठाऊक आहे आणि जिच्याविषयी घरी कोणी बोलत नाही. बेंझोइक आम्ल १२२ अंशांस वितळते हे पुस्तकात दिले आहे. विद्यार्थ्याच्या नळीतील भुकटी ११८ अंशांस मऊ पडू लागली आणि १२० अंशांस वितळली. जर्नलमध्ये तो लिहितो, १२२. ब्युरेटने तीन वेळा तीन निरनिराळे आकडे दाखवले. जर्नलमध्ये तिन्ही खाने एकाच आकड्याने भरलेले असतात. क्षाराचा निळा रंग पाहून अगर शेजाऱ्याच्या कानगोष्टीवरून उत्तर आधी ठरते, आणि मग परीक्षा केल्याप्रमाणे सर्व निरीक्षणे उत्तराकडून उलट लिहून काढली जातात. अमेरिकेतील विद्यार्थ्यांत या उद्योगास ‘ड्राय लॅबिंग’ असे नावच आहे. म्हणजे भांडे न भिजवता केलेला प्रयोग. आमच्याकडे त्यास नाव नाही, कारण नाव देण्याइतकी ती गोष्ट कोणास विशेष वाटत नाही.

आता प्रश्न असा, की हे पाप आहे काय? असल्यास किती मोठे?

गोमंतकीय वाचकांस परिचित असा एक प्रसंग कल्पून पाहावा. देवस्थानची जुनी समिती जाते, नवी येते. देवाचे दागिने महाजनांसमोर मोजून, तोलून, वहीत नोंदवून नव्या खजिनदाराच्या स्वाधीन करावयाचे आहेत. तोलणाऱ्याने काटा पुढे ओढला, दागिना हाती घेतला, पण वजन केलेच नाही. मागल्या वहीत जो आकडा होता तोच नव्या वहीत उतरवला, आणि खाली लिहिले, ‘समक्ष तोलून पाहिले’. कदाचित दागिन्याचे वजन खरोखरच तितके असेल. कदाचित कोणी एक गुंजही सोने हलवले नसेल. तरीही ही गोष्ट उघडकीस आली तर महाजन स्वस्थ बसतील काय? कोणीही बसणार नाही. आणि त्यांचे रागावणे योग्यच ठरेल. सोन्याचा हिशोब बरोबर असूनही वही खोटी झाली, कारण वही सोन्याविषयी जितके सांगते तितकेच तोलणाऱ्याच्या डोळ्यांविषयी सांगते. रसायनशाळेतील जर्नल ही अशीच वही होय.

आमच्या न्यायशास्त्राने या भेदाचा फार पूर्वी विचार करून ठेवला आहे. ज्ञानाची साधने नैयायिकांनी चार मानली: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. पुस्तकात छापलेला १२२ हा आकडा शब्दप्रमाण आहे, आणि ते प्रमाण हलके मुळीच नव्हे. असंख्य लोकांनी पुनःपुन्हा पाहून तो आकडा पक्का केला आहे. विद्यार्थ्याने तो मानावा, वापरावा, त्यावर पुढचे ज्ञान उभारावे. दोष तेव्हा उत्पन्न होतो, जेव्हा तो शब्दास प्रत्यक्षाचे वस्त्र नेसवतो. पुस्तकाचे ऐकून ‘मी पाहिले’ असे लिहितो. न्यायालयाची भाषाही हीच आहे. १८७२ च्या पुरावा कायद्याने, आणि १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमानेही, तोंडी पुराव्यावर पहिली अट घातली आहे ती अशी, की पाहिलेल्या गोष्टीची साक्ष ज्याने पाहिली त्यानेच द्यावी. ऐकीव गोष्ट खरी असू शकते. तरी ती पाहिलेली म्हणून सांगता येत नाही.

न्यायसूत्रांवर भाष्य करणाऱ्या वात्स्यायनाने ‘आप्त’ म्हणजे विश्वासार्ह वक्ता कोणाला म्हणावे याचे जे लक्षण केले आहे, त्याचा आशय असा: ज्याने विषय स्वतः साक्षात् जाणला आहे आणि जो तो जसा पाहिला तसाच सांगण्याच्या इच्छेने बोलतो, तो आप्त. आणि भाष्यकार तेथेच असेही सांगतात, की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेंच्छ या सर्वांस सारखेच लागू आहे. जात, कुळ, देश, विद्या यांपैकी काहीच त्यात नाही. यथादृष्ट सांगण्याची इच्छा तेवढी आहे. रसायनशास्त्राचा पदवी-अभ्यासक्रम अखेरीस काय घडवू पाहतो, असे कोणी आम्हांस विचारले तर आम्ही म्हणू, तो आप्त घडवू पाहतो. आमच्या जुन्या रसविद्येस हे ठाऊक नव्हते असे नाही. ‘रसेंद्रचिंतामणि’ या ग्रंथाच्या कर्त्याने आपली प्रतिज्ञा सांगितली आहे ती हीच: विद्वानांच्या तोंडून पुष्कळ ऐकले, शास्त्रांत पुष्कळ पाहिले, पण जे स्वतः करून पाहिले नाही ते लिहीत नाही. पारा आणि गंधक खलणाऱ्या त्या पुरुषास आजच्या प्रयोगशाळेतील पुष्कळशी उपकरणे ओळखता आली नसती. जर्नलाचा नियम मात्र त्यास कोणी शिकवावा लागला नसता.

आता पूर्वपक्षाचे म्हणणे ऐकले पाहिजे. कारण तो दुबळा नाही.

पहिला आक्षेप असा, की यात फसवले कोणाला? खरा आकडा अध्यापकास माहीत आहे, विद्यार्थ्यास माहीत आहे, पुस्तकात तर आहेच. ज्या खोट्याने कोणाचे नुकसान होत नाही ते खोटे कसले? यास उत्तर असे, की खोट्याचा पहिला वार ऐकणाऱ्यावर होतो हे आपण गृहीत धरतो. पुष्कळदा तो बोलणाऱ्यावर होतो. काय दिसले पाहिजे हे आधी ठरवून जो तीन वर्षे पाहत राहतो, त्याच्या डोळ्यांस पुढे तेच दिसू लागते. गुलाबी छटा अपेक्षित आकड्यावर आली नाही तर तो थेंबभर वाट पाहतो. आधीच आली तर ‘अजून नीट आलेली नाही’ असे स्वतःस सांगतो. येथवर आल्यावर त्यास खोटे बोलण्याचीही गरज उरत नाही. कारण त्याचे पाहणेच पढवलेले झाले. या नुकसानीची भरपाई कोणतेही न्यायालय करू शकत नाही.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे, आणि त्यात सत्याचा अंश मोठा आहे. तास अपुरे, विद्यार्थी पुष्कळ, रसायने जुनी, काटे सदोष, पिपेटचे टोक तुटलेले. अशा स्थितीत प्रामाणिक विद्यार्थ्याचा आकडा चुकणारच. आणि परीक्षक तर अपेक्षित आकड्यापासून उत्तर जितके दूर तितके गुण कापतो. मग शाळेच्या काट्याच्या दोषासाठी मुलाने आपले गुण का गमवावे? हा आक्षेप आम्ही उडवून लावणार नाही. फौजदारी कायद्यातही दडपणाखाली केलेल्या कृत्याचा वेगळा विचार होतो. परंतु दडपणाने कृत्याचे स्वरूप पालटत नाही. दोषाचा काही वाटा दडपण आणणाऱ्याकडे जातो इतकेच. त्या वाट्याचा हिशोब आम्ही पुढे करणारच आहो.

तिसरा आक्षेप सर्वांत सूक्ष्म आहे. विद्यार्थी म्हणतो: माझा हात कच्चा, माझे उपकरण सामान्य; हजारो निष्णात लोकांनी ठरवलेला आकडा खरा आणि माझा चुकीचा, हे तर निश्चितच आहे. मग मी १२० लिहिणे हे असत्य, आणि १२२ लिहिणे हेच सत्याच्या अधिक जवळ नव्हे काय? या युक्तिवादाची चूक अशी, की त्यात पदार्थाचे सत्य आणि साक्षीचे सत्य यांची गल्लत झाली आहे. बेंझोइक आम्ल १२२ अंशांस वितळते, हे पदार्थाविषयीचे विधान आहे. ‘माझ्या नळीतील भुकटी ११८ पासून १२० पर्यंत वितळली’ हे त्या दुपारी घडलेल्या घटनेविषयीचे विधान आहे. दोन्ही एकाच वेळी खरी असू शकतात. इतकेच नव्हे, तर दोहोंमधील अंतर हीच खरी बातमी असते. अशुद्ध पदार्थ कमी अंशांस आणि लांबट टप्प्यात वितळतो, हे त्याच वर्गात शिकवलेले असते. म्हणजे ११८ ते १२० हा आकडा ओरडून सांगत होता, की भुकटी नीट वाळलेली नाही, अगर तीत काही मिसळ आहे, अगर थर्मामीटर तपासून घ्यावा. १२२ लिहिताच ती बातमी मिटली, आणि विद्यार्थी जे शिकू शकला असता ते शिकला नाही.

अशी मिटू न दिलेली एक बातमी रसायनशास्त्राच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. इंग्लंडमधील लॉर्ड रॅले नायट्रोजन वायूचे वजन अचूक काढीत होते. हवेतून प्राणवायू वगैरे काढून टाकून उरलेला नायट्रोजन, आणि अमोनियासारख्या संयुगापासून तयार केलेला नायट्रोजन, यांचे वजन सारखे भरावयास हवे. पण हवेतला नायट्रोजन किंचित जड भरे. फरक एका लिटरमागे सात मिलिग्रॅमहूनही कमी, म्हणजे सुमारे अर्धा टक्का. आमच्या कोणत्याही प्रयोगशाळेत अर्ध्या टक्क्याचा फरक म्हणजे उत्तम प्रयोग, पूर्ण गुण! रॅले यांनी तो लपवला नाही. १८९२ साली त्यांनी ‘नेचर’ नियतकालिकात पत्र लिहून आपली अडचण जाहीर केली आणि वाचकांकडे खुलासा मागितला. पुढे विल्यम रॅमसे त्यांच्या जोडीस आले, आणि १८९४ साली उलगडा झाला, की हवेत सुमारे एक टक्का असा एक वायू आहे की ज्याची वार्ता रसायनशास्त्रास नव्हती. तो आर्गॉन. १९०४ साली रॅले यांस भौतिकशास्त्राचे आणि रॅमसे यांस रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. याहून मनोवेधक गोष्ट अशी, की शंभरांहून अधिक वर्षांपूर्वी, १७८५ साली, हेन्री कॅव्हेंडिश यांनी हवेतील नायट्रोजनवर विजेच्या ठिणग्या सोडून तो संपवीत नेला, तेव्हा शेवटी एक छोटा बुडबुडा उरला. मूळ वायूच्या एकशेविसाव्या हिश्श्याहून तो मोठा नव्हता. तो काय असावा हे कॅव्हेंडिश यांस कळले नाही. पण त्यांनी तो लिहून ठेवला. शतकानंतर त्या बुडबुड्याचे नाव आर्गॉन असल्याचे कळले. ज्याचा अर्थ आज लागत नाही तेही नोंदवून ठेवावे, ही जी निष्ठा, ती नसती तर आर्गॉनच्या या पहिल्या खुणेचा मागमूसही राहिला नसता.

आमच्या व्यवसायातील एक अनुभवसिद्ध गोष्टही येथे सांगण्याजोगी आहे. चार साक्षीदार पिंजऱ्यात येऊन एकच हकीकत शब्दशः एकाच वाक्यात सांगू लागले, की उलटतपासणी करणाऱ्या वकिलाचे कान टवकारतात. खऱ्या साक्षीत बारीकसारीक फरक असतातच. एकास सदरा निळा दिसतो, दुसऱ्यास काळसर. अशा किरकोळ विसंगतीने साक्ष मोडत नाही, उलट ती पढवलेली नसल्याची ती खूण असते, हे आपल्या न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे. ब्युरेटवर दशांश मिलिलिटरच्या रेघा असतात, आणि एक थेंब सुमारे अर्ध्या दशांशाचा असतो. तेव्हा खऱ्या हाताने घेतलेले आकडे कधी जुळतात, कधी थेंबाथेंबाने इकडेतिकडे होतात. वर्षभराच्या जर्नलमध्ये ज्याचे तिन्ही आकडे प्रत्येक पानावर तंतोतंत एक आहेत, त्याची साक्ष आम्ही तरी पढवलेली समजू.

कोणी म्हणेल, हे सारे विद्यार्थिदशेतील बालिशपण; पदवी घेतली, नोकरी लागली, की जबाबदारीने शहाणपण येते. आम्हांस तसा भरवसा वाटत नाही. रसायनशास्त्राचा पदवीधर पुढे कोठे जातो? कोणी औषधांच्या कारखान्यात गुणवत्ता तपासतो. गोव्यात वेर्णे येथे असे कारखाने आहेत. कोणी नळाच्या पाण्याची परीक्षा करतो, कोणी दुधातुपातील भेसळ शोधतो, कोणी न्यायसाहाय्यक प्रयोगशाळेत जातो. तेथे त्याचे जर्नल सार्वजनिक दस्तऐवज होते. सरकारी रसायनपरीक्षकाचा अहवाल, त्यास प्रत्येक वेळी पिंजऱ्यात न बोलावताही, पुराव्यात वाचता येतो. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २९३ मध्ये ही तरतूद होती, आणि तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३२९ मध्येही ती आहे. कायद्याने एवढा विश्वास फार थोड्या माणसांवर टाकला आहे.

तो विश्वास मोडला म्हणजे काय होते, याचे उदाहरण अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात घडले. तेथील सरकारी प्रयोगशाळेत अमली पदार्थांची तपासणी करणारी एक रसायनज्ञ कामाच्या झपाट्याबद्दल नावाजलेली होती. २०१२ साली उघड झाले, की कित्येक नमुने ती तपासतच नसे. नुसते पाहून ‘तपासले’ असे लिही, आणि काही ठिकाणी तर नमुन्यात अमली पदार्थ मिसळून अहवाल जुळवी. २०१३ साली तिने गुन्हा कबूल केला आणि तिला कारावास झाला. २०१७ साली तेथील न्यायालयाने तिच्या अहवालांवर उभे असलेले २१,००० हून अधिक खटले रद्द केले. त्यांत निर्दोष किती होते आणि दोषी किती, हे आता कोणासही सांगता येणार नाही. कारण नमुना होता, काटा होता, वही होती, फक्त साक्षीदार नव्हता. आमच्या देशाकडे पाहिले तरी समाधान मानण्याजोगी स्थिती नाही. एका मोठ्या भारतीय औषधकंपनीच्या अमेरिकी शाखेने २०१३ साली तेथील न्यायालयात गुन्हा कबूल केला, आणि एकंदर ५० कोटी डॉलर भरण्याचे मान्य केले. सरकारास खोटी माहिती दिल्याचा आरोपही त्यात होता. औषधांच्या जगात नोंदीचे पाच गुण मानले जातात: कोणी लिहिली ते कळावे, ती वाचता यावी, त्याच वेळी लिहिलेली असावी, मूळ असावी, आणि अचूक असावी. या पाचांपैकी एकही गुण नोकरीच्या पहिल्या दिवशी अंगी येत नाही. तो अंगी बाणण्याची जागा पदवीच्या पहिल्या वर्षातील जर्नल ही आहे.

आता दोषाचा वाटा. विद्यार्थ्याचा वाटा आम्ही माफ करीत नाही. जाणत्या माणसाने आपल्या सहीखाली न पाहिलेले पाहिले म्हणू नये. परंतु मोठा वाटा त्या परीक्षापद्धतीचा आहे, जी प्रत्येक वेळी उत्तराचे मोल करते आणि साक्षीचे कधीच करीत नाही. खरे लिहिणाऱ्यास दंड आणि जुळवून लिहिणाऱ्यास बक्षीस अशी व्यवस्था वर्षानुवर्षे चालवून वर मुलांच्या नीतीबद्दल हळहळणे, हे सज्जनपणाचे लक्षण नव्हे. उपाय अवघड नाहीत, आणि जेथे चांगले अध्यापक आहेत तेथे ते चालूही असतात. जर्नल घरी नेऊन सुवाच्य अक्षरात नकलण्याऐवजी पाने क्रमांकित असलेल्या बांधीव वहीत तेथल्या तेथे शाईने लिहावे. चुकलेला आकडा खोडरबराने पुसू नये. त्यावर एक रेघ ओढावी, म्हणजे तो चुकलेला आकडाही साक्षीस राहतो. प्रत्येकास निरनिराळ्या तीव्रतेचे द्रावण द्यावे, म्हणजे शेजाऱ्याच्या आकड्याचा मोह उरत नाही. आणि तोंडी परीक्षेत, ‘तुझे उत्तर बरोबर का आले नाही?’ या दरडावणीऐवजी, ‘तुझे उत्तर का वेगळे आले असावे?’ असा प्रश्न करून त्या खुलाशास गुण द्यावेत. ज्या मुलाने १२० लिहून भुकटी ओली असल्याचे कारण दिले, तो १२२ लिहिणाऱ्याहून रसायनशास्त्र अधिक जाणतो. त्यास अधिक गुण मिळाले तर पुढच्या वर्षी वर्गातले निम्मे आकडे आपोआप खरे होतील.

राहिला वाटा घराचा. मुलगा प्रयोगाच्या परीक्षेहून परत येतो तेव्हा आपण दारातच विचारतो, ‘उत्तर बरोबर आले ना?’ या प्रश्नाने त्यास कळते की घरासही उत्तरच हवे आहे. आम्ही आपल्या मुलांस देवळात नेतो, देवासमोर खोटे बोलू नये असे शिकवतो, आणि ती शिकवण गर्भागाराच्या उंबऱ्याशी थांबली तरी आपणास चालते. देवळाच्या वहीत न तोललेले वजन लिहिणारा खजिनदार ज्या समाजास खपत नाही, त्या समाजास आपल्या मुलाच्या जर्नलमधला न पाहिलेला आकडाही खपता कामा नये. दोन्ही ठिकाणी साक्ष एकाच जातीची आहे. तेव्हा वडीलधाऱ्यांस आमची विनंती इतकीच, की पुढच्या खेपेस तो प्रश्न थोडा बदलून विचारावा. ‘आज तुला काय दिसले?’ असे विचारावे. मुलाने बिचकत सांगितले, की पुस्तकापेक्षा काही निराळेच दिसले, आणि मी तसेच लिहिले, गुण बहुधा जातील. तर त्या संध्याकाळी त्याच्या पाठीवर हात ठेवावा, आणि गेलेल्या गुणांबद्दल एक अक्षरही बोलू नये.